कुलूप काढलं तो दिवस

नवी पेठेत कापडाच्या दुकानाच्या वर आमचं छोटंसं ऑफिस आहे. उसाच्या ट्रॅक्टरांवर बसवलेली यंत्रं आपण कुठे आहोत ते सतत कळवत असतात आणि ते निरोप घेणारा सर्व्हर आम्ही सांभाळतो. गळीत हंगाम भरात आला की निरोपांचा पूर येतो. त्या वर्षी मात्र सर्व्हर अक्षरशः धापा टाकायला लागला. मोहोळकडचे एक मुकादम रोज फोनवर ओरडायचे, "ताई, ट्रॅक्टर माझ्यासमोर उबा हाय की! तुमचा नकाशा म्हणतोय अजून रस्त्यातच हाय."

मला कोडं पडलं. मशीन नवं, दमदार, आणि तरी निम्मं रिकामं बसलेलं. शोधता शोधता कारण सापडलं. सर्व्हरमध्ये एकाच वेळी काम करणारे अनेक हात असतात, त्यांना थ्रेड म्हणतात. हे सगळे हात एका ठिकाणी येऊन रांगेत थांबत होते. तिथे कोडमध्येच एक कुलूप घातलेलं होतं: एक जण आत, बाकीचे बाहेर.

मी शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना हाक मारली. मॅडम मूळच्या विणकर घरातल्या, आईशी तेलुगूत आणि कोडशी तेलुगू, मराठी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत बोलणाऱ्या.

"ते मीच घातलंय," त्या हसून म्हणाल्या. "ट्रॅक्टरच्या ठिकाणाच्या आकड्यांवरून गावाचं नाव काढणारी, बाहेरून घेतलेली तयार कोडची लायब्ररी तेव्हा कच्ची होती. दोन थ्रेड एकदम आत गेले की एकाचं उत्तर दुसऱ्याला मिळायचं."

"पण ती लायब्ररी केव्हाच सुधारली, मॅडम! आता गरजच नाही त्याची."

"मग दाखव की चाचणी करून."

मी कुलूप काढलं आणि खोट्या निरोपांचा मारा सुरू केला. उत्तरं सटासट येऊ लागली, एकही चूक नाही! मी खुर्चीतून उठलेच. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "थांब गं. आपल्या राखीव मशीनवर कुठली लायब्ररी आहे?"

बघितलं तर तिथे जुनीच. कुलूप काढून तीच चाचणी तिथे लावली, आणि आमच्या डोळ्यांदेखत अक्कलकोटचा ट्रॅक्टर श्रीपुरात उगवला! मॅडमनी टाळी वाजवली. "हेच! अगदी हेच दिसायचं तेव्हा! कुणाला पटायचं नाही." इतक्या वर्षांनी त्यांचं म्हणणं खरं ठरवणारा पुरावा त्यांच्यासमोर नाचत होता आणि त्या एखाद्या जुन्या मैत्रिणीला भेटल्यासारख्या खूश झाल्या होत्या.

राखीव मशीनवर नवी लायब्ररी चढवली, पुन्हा मारा केला. सगळी गावं आपापल्या जागी. मग कुलपाचं ते कोड कायमचं पुसायची वेळ आली. मी मॅडमकडे कीबोर्ड सरकवला.

"तुम्हीच पुसा."

"छे, तू शोधलंस, तूच पुस."

शेवटी त्यांनी ओळी निवडल्या आणि मी बटण दाबलं.

जेवणाच्या सुट्टीआधी सर्व्हर कुलपाशिवाय सुरू झाला. पडद्यावरची, थांबलेल्या निरोपांच्या रांगेची रेघ उतरत उतरत तळाला टेकली. नकाशावरचे ठिपके असे पळायला लागले की मला श्रीपूरच्या रस्त्यावरचा प्रत्येक ट्रॅक्टर दिसतोय असंच वाटलं. आम्ही दोघी लहान पोरींसारख्या बोटं दाखवत होतो, हा बघ, तो बघ! मॅडमनी डबा उघडला, कडक भाकरीवर शेंगाचटणी ठेवून माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या हाताने कोडची पुढची फाईल उघडली. म्हणाल्या, "त्या काळात मी लई भित्री होते गं. बघू, अजून कुठं कुठं कुलपं लावलीत."