आर्ट्सची तुकडी

मोखाड्यात भाचीची गुणपत्रिका लॅमिनेट करताना तापलेल्या प्लास्टिकचा वास आला आणि मला दहावीनंतरचा तो दिवस आठवला. सूर्यमाळहून इथं येऊन, माझीही गुणपत्रिका अशीच लॅमिनेट करून, गरम गरम हातात घेऊन मी बाबांबरोबर आमच्या शाळेतल्या, अकरावी-बारावीच्या आर्ट्सलाही शिकवणाऱ्या सरांकडे गेले होते. मला वैमानिक व्हायचंय, हे घराबाहेर फक्त सरांनाच ठाऊक होतं.

"सर, पोरगी सायन्स मागतेय," बाबा दारातूनच म्हणाले.

"कशाला? विमानाला नुसती बारावी पुरते. आर्ट्स घे, मार्कही पडतील."

मी आर्ट्सच्या फॉर्मवर सही केली.

बारावी झाल्यावर जव्हारच्या सायबर कॅफेत वैमानिक प्रशिक्षणाची माहिती उघडली. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, असं पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. मी तशीच सरांच्या घरी गेले.

"सर, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं गं. पण आर्ट्सला मुलंच नव्हती, तुकडी बंद पडली असती. आणि तू खरंच जाशील, असं कुठं वाटलं होतं?"

ते दोन विषय नंतरही देता येतात हे मला कळलं, तेव्हा माझं लग्न होऊन गेलं होतं.

त्या दिवशी सही झाल्यावर मी सरांच्या पाया पडायला वाकले, तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले होते. मला तो त्यांचा साधेपणा वाटला होता.