आईचा उपास

गुन्ह्यात सापडलेल्या मुलांच्या निरीक्षणगृहात मी दर आठवड्याला गाणी शिकवायला जाते. भेटीच्या दिवशी तिथे एक नियम असतो: घरून डबा आणणाऱ्याने त्यातला पहिला घास स्वतः खाऊन दाखवायचा.

परवा एका आईने भाकरी-ठेच्याचा डबा उघडला, घास मोडला आणि ती थबकली. समोर तिचा मुलगा बसला होता, मोटारसायकल चोरताना पकडलेला. त्याने तिचा हात धरला आणि पहाऱ्यावरच्या बाईंना म्हणाला, "मावशी, आज संकष्टी आहे. आईचा उपास असतो. राहू दे डबा."

पोराने काय केलं ते गल्लीभर झालं होतं. त्याच्यात काय काय शाबूत आहे, ते विचारायला मात्र कुणी फिरकत नाही. मीही महिनाभर त्याला 'तो गाडीचोर' म्हणूनच ओळखत होते.

"मला नियम शिकवतोस होय रे?" म्हणत मावशींनी आईच्या हातातला घास घेतला आणि स्वतःच खाल्ला. ठेच्याने त्यांना असा ठसका लागला की बोलता येईना.

पोरगा उठून थेट दाराबाहेर पळाला. कुणी अडवलं नाही.

पाण्याचा तांब्या घेऊन तो पळतच परत आला.