विमानानं आलेला नवरा

ती केस आठवली की निवृत्तीनंतर आजही माझं डोकं तापतं.

तेव्हा मी भोकरदन तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हसनाबादकडच्या एका शेतात, विहिरीत, सकाळी एका तरुण सुनेचं प्रेत सापडलं. नवरा हैदराबादला नोकरीला. आमचा पंचनामा चालू असतानाच तो टॅक्सीतून उतरला आणि धाय मोकलून रडू लागला. "बातमी कळली तसं विमान पकडलं," म्हणाला. फोन घाईत खोलीवरच राहिला, हेही न विचारता सांगून टाकलं.

सासरा माझ्याजवळ आला. "सून तापट व्हती, साहेब. रागात उडी मारली. पोरगं विमानानं आलं, अजून काय पायजे? जल्दी मयत ताब्यात द्या."

माझा फौजदारही "अकस्मात मृत्यू दाखवून मोकळं होऊ, सर" म्हणू लागला. विमान म्हटल्यावर सगळे दबले होते. त्याच्या फोनचं लोकेशनही हैदराबादचंच निघालं. शवविच्छेदनात मात्र गळ्यावर बोटांचे व्रण सापडले.

त्याच संध्याकाळी ठाण्यात एका बाईचा फोन आला. "तिचा नवरा आदल्या दिवशीच आल्ता. दिवस मावळताना तिला शेताकडं घेऊन गेल्ता. माझं नाव इचारू नका." फोन बंद.

दुसऱ्या दिवशी मी त्याला समोर बसवलं. पूर्वी एका आरोपीला आणायला मी संभाजीनगरहून हैदराबादला विमानानं गेलो होतो. बसनं रात्र जाते. हवेतून अंतर जेमतेम सव्वाचारशे किलोमीटर, सव्वा तासाच्या आसपास विमान उतरतं.

"विमानात किती वेळ होतास?"

"चार-साडेचार तास. पार कंटाळून गेल्तो."

"मधे कुठं थांबलं?"

"बिलकुल न्हाई. सीधं संभाजीनगर."

मी टेबलावर हात आपटला. "तेवढ्यात विमान दिल्लीला जाऊन परत येतं! तू कशात बसला होतास?"

त्याचा चेहरा उतरला. हा गडी जन्मात विमानात चढला नव्हता. बातमी कळल्यापासून गावात पोचेपर्यंतचा वेळ त्यानं अंदाजानं विमानात घातला होता. विमान कंपनीकडे चौकशी केली. या नावाचा प्रवासी नव्हताच. हैदराबादच्या खोलीतल्या मित्रानं कबूल केलं, फोन नवऱ्यानं मुद्दाम त्या मित्राकडे ठेवला होता. नवऱ्याला दुसरं लग्न करायचं होतं आणि ही काडीमोड द्यायला तयार नव्हती. त्याच्या बापाला सगळं ठाऊक होतं.

पण आदल्या दिवशी नवऱ्याला गावात पाहिलेला साक्षीदार हवा होता. गावभर फिरलो. ज्याला त्याला त्याच संध्याकाळी नेमकं काहीच दिसलं नव्हतं. शेवटी शेजारची एक मजुरी करणारी बाई स्वतः ठाण्यात आली. "फोन म्याच केल्ता."

"नाव विचारू नका म्हणाला होतात."

"म्हणले व्हते. पर त्या पोरीच्या मायला इहिरीपाशी लोळताना पाह्यलं, मंग घरात बसवंना."

कोर्टात ती एकटी उभी राहिली. उलटतपासणीत वकिलानं तिला नाही नाही ते विचारलं. ती हलली नाही. नवऱ्याला जन्मठेप झाली, बापालाही शिक्षा झाली. त्यानंतर गावात त्या बाईला कोणी कामाला बोलावेना. ती मुलांना घेऊन शहागडला बहिणीकडे राहायला गेली.

नोकरीत खुनी पुष्कळ पाहिले. त्यांच्यासाठी कायद्यात कलमं आहेत. ज्यांनी त्या पोरीला शेताकडे नेताना पाहिलं, गप्प बसले आणि खरं बोलणारीलाच गावातून घालवलं, त्यांना मी हात लावू शकलो नाही. ते आजही रस्त्यात भेटले की "रामराम साहेब" म्हणतात. मी उत्तर देत नाही.