वार एक की दोन

जुळ्यांचा पहिला फोटो सासूबाईंनी देव्हाऱ्यात ठेवला आणि निरांजनाच्या धगीनं तो काळा पडला. हे वाक्य मी चार महिने इतक्या जणांना ऐकवलं की झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं. नवऱ्याला, पुण्याला माझ्या आईला, ऑफिसातल्या मैत्रिणीला. वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता, आणि तरी मी खोटं बोलत होते.

आठव्या आठवड्यात नोएडातल्या एका लहानशा क्लिनिकमध्ये सोनोग्राफी झाली. "दो हैं जी, बधाई हो," असं म्हणून तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्टवर एवढंच लिहिलं की जुळी आहेत आणि दोन्हींचे ठोके चालू आहेत. सोबत त्या गुळगुळीत कागदावरचा फोटो. सासूबाई आमच्याकडेच होत्या, दिल्लीत मयूर विहारला. "तीन महिने कुणाला बोलायचं नाही हं, दृष्ट लागते," असं बजावून त्यांनी फोटोला हळदकुंकू लावलं आणि तो बाळकृष्णाच्या पाठीशी टेकवला. रोज दोन वेळा निरांजन. तसला कागद धगीनं काळा पडतो हे आमच्या घरात कुणाच्या बापाला ठाऊक होतं?

अठराव्या आठवड्यात घराजवळच्या मोठ्या हॉस्पिटलात गेले. तिथल्या डॉक्टर कितीतरी वेळ पोटावर मशीन फिरवत राहिल्या, मग म्हणाल्या, "पहले वाला स्कैन दिखाइए." मी काळा कागद दिला. मधोमध हळदीचा डाग. त्यांनी तो उजेडाकडे धरला, उलटा केला आणि पाठीवर पेनानं तीन चित्रं काढली.

पहिल्या चित्रात प्रत्येक बाळाची पिशवी वेगळी आणि वारही वेगळी. वार म्हणजे आईच्या रक्तातून बाळाला पोसणारी ती. "समझिए, दो फ्लैट, दो रसोई." दुसऱ्यात पिशव्या दोन पण वार एकच, म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर सामाईक. तिसऱ्यात खोलीही एकच. तिथे नाळा एकमेकींत अडकायची भीती. माझ्यात मधला पडदा दिसत होता, त्यामुळे तिसरं चित्र बाद. प्रश्न पहिलं की दुसरं हा होता. वार एक असेल तर तिच्यातून रक्त कधीकधी एकाच बाजूला वाहत राहतं, एक बाळ सुकत जातं, दुसऱ्याला ते झेपत नाही, आणि दोघंही जाऊ शकतात.

सुरुवातीला हे ओळखणं सोपं असतं म्हणे. पडदा वारेला जिथे मिळतो तिथे जाडसर त्रिकोण दिसला तर वारा दोन, दोऱ्यासारखा सरळ येऊन टेकला तर एक. अकरा ते चौदा आठवड्यांत हे स्वच्छ दिसतं, पुढे तो त्रिकोण चपटा होऊन जातो.

"बारह हफ़्ते वाला स्कैन नहीं करवाया?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "पहिला फोटो सासूबाईंनी देव्हाऱ्यात ठेवला हो." हिंदीत म्हटलं, पण हेच.

आता खरं सांगते. नोएडाच्या डॉक्टरांनी मला चिठ्ठी दिली होती: बाराव्या आठवड्यात जरूर या. तेव्हा संसदेचं अधिवेशन चालू होतं. मी मंत्रालयात, आमच्या सेक्शनकडे रोज प्रश्नांची उत्तरं तयार करायचं काम. रजा मागितली असती तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण कळताच ज्या पोस्टवर माझा डोळा होता तिची माळ दुसऱ्याच्या गळ्यात पडली असती. शिवाय तीन महिने बोलायचं नाही हे सासूबाईंनीच सांगितलेलं, आयतं निमित्त. चिठ्ठी कपाटात साड्यांखाली सरकवली. पुढच्या आठवड्यात जाऊ, पुढच्या आठवड्यात जाऊ, करता करता पाच आठवडे गेले. पोस्टही दुसऱ्यालाच मिळाली, ते वेगळं.

मुलगा-मुलगी असतील तर वारा दोनच, हे मी मोबाइलवर वाचलं होतं. विचारलं. डॉक्टरांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं, इथे लिंगतपासणी होत नाही. कायदा बरोबरच आहे, पण त्या दिवशी मला ती पाटी उपटून फेकावीशी वाटली. "एक मानकर चलेंगे," त्या म्हणाल्या. "हर दो हफ़्ते में आइए. और सीढ़ियाँ कम."

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणजे रजा टाकून दर पंधरा दिवसांनी एकदा खाली उतरायचं आणि उरलेले दिवस दोन खोल्यांत. दिवाळीनंतर हवा इतकी बिघडली की खिडक्याही बंद. नवरा सकाळी मेट्रोनं जायचा तो सातला उगवायचा. दिवसभर मी आणि सासूबाई. त्या ताक आणून ठेवायच्या, मी म्हणायचे नको. पाय चेपायला बसल्या की पाय आखडून घ्यायचे. एकदा मी सरळ म्हटलं, "तुमच्या भक्तीपायी माझी पोरं जायची पाळी आलीय." त्या उठल्या, पेला उचलला आणि म्हणाल्या, "हो बाई, चुकलंच माझं." मला जरासुद्धा लाज वाटली नाही. उलट त्या रात्री झोप छान लागली.

सव्विसाव्या आठवड्यात दोघांतल्या लहान दिसणाऱ्या बाळाभोवतीचं पाणी कमी दिसलं आणि त्याची लघवीची पिशवी दिसेचना. प्रत्येक वेळी हेच बघायचे, दोन्हीकडचं पाणी आणि दोन्हींच्या भरलेल्या पिशव्या. पिशवी भरत नाही म्हणजे त्याला रक्त पुरत नाही. "आधा घंटा रुकते हैं," डॉक्टर म्हणाल्या. मी कुशीवर पडून राहिले. अगं आई, आयुष्यात कुणाच्या शूची इतकी वाट पाहिली नाही! सोबत आलेल्या, खाटेशी उभ्या सासूबाईंनी न विचारता माझा हात धरला आणि मी तो सोडवला नाही. अर्ध्या तासानं स्क्रीनवर एक काळा ठिपका आला, मुगाएवढा. "भर गया," डॉक्टर म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी दर आठवड्याला बोलावलं आणि दर आठवड्याला मी तो ठिपका दिसेपर्यंत श्वास धरून राहिले.

पस्तिसाव्या आठवड्यात सिझेरियन झालं. दोघी मुली, हुबेहूब. वार एकच निघाली. धाकटी काही दिवस पेटीत होती, मग दोघी घरी आल्या.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सासूबाई जुन्या सुती साडीची दुपटी फाडत बसल्या होत्या. स्वतःशीच म्हणाल्या, "एकच होती ना वार. तो फोटो नीट राहिला असता तर आधीच कळलं असतं."

मला राहवेना. "आई, फोटोचं सोडा हो. बाराव्या आठवड्यात परत बोलावलं होतं. मीच गेले नाही. चिठ्ठी..."

"साड्यांखाली होती," त्या म्हणाल्या. "दिवाळीत तुझी साडी काढताना बघितली मी."

दिवाळी. म्हणजे ते ताक, ते पाय, ते सगळं त्यानंतरचं.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? स्वतःला खात पडून राहिली असतीस इथे, तिसऱ्या मजल्यावर. माझ्यावर चिडत होतीस तोवर दोन घास जेवत तरी होतीस." त्यांनी दुपटं दातानं टरकावलं. मला हुंदका आला तसं त्यांनी मोठीला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. "रडू नकोस, दूध आटतं. धर हिला, धाकटी उठली बघ."