डिकीतली जादा टाकी

रविवार, नोव्हेंबरचा पहिला आठवडा. जागा: दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगर, आमच्या इमारतीमागचं पार्किंग. हजर: मी, माझा नवरा, धाकटा भाऊ, भावाचा गॅरेजवाला आणि भावाची जुनी, दोन सीटची स्पोर्ट्‌स कार. गाडीही हजेरीत धरली, कारण सगळा वाद तिच्या डिकीवरून होता.

भाऊ गुडगावला नोकरी करतो. पुढच्या रविवारी ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर हौशी लोकांची लांब पल्ल्याची शर्यत होती आणि तो त्यात उतरणार होता. गाडीची मूळ टाकी लहान. मध्येच थांबून पेट्रोल भरत बसलं, तर बाकीचे पुढे निघून जाणार. म्हणून त्यानं स्टेपनी काढून त्या जागी शर्यतीच्या गाड्यांत असते तसली आणखी एक टाकी बसवून घेतली. तिला फ्यूल सेल म्हणतात. आता पेट्रोल जवळजवळ दुप्पट मावत होतं, आणि ते सगळं त्याच्या पाठीशी.

मला हे पहिल्यापासून पटलेलं नव्हतं. विचारायचे प्रश्न मी लिहून ठेवले होते.

"साधी टाकी नाहीये ती, ताई," भाऊ समजावत होता. "बाहेर पत्रा, आत जाड रबराची पिशवी, पिशवीत फोम ठासलेला. तुझा भांडी घासायचा स्पंज पाणी धरून ठेवतो ना, तसा तो पेट्रोल धरतो. गाडी आपटली तरी भस्सकन सांडत नाही. बिल्कुल सेफ."

"वाचलंय मी ते. अशा टाकीवर कधीपर्यंत वापरायची तेही लिहिलेलं असतं. हिच्यावर कुठे आहे?"

भावानं गॅरेजवाल्याकडे पाहिलं. गॅरेजवाल्यानं डिकीत पाहिलं.

"मॅडम, पेंट किया था ना, उसमें चला गया."

नव्या टाकीला रंग कशाला लागतो, हा प्रश्न माझ्या कागदावर नव्हता. तो मी तिथल्या तिथे विचारला. तेव्हा कळलं, माल परदेशातला होता पण "थोड़ा चला हुआ", म्हणजे वापरलेला. आतला फोम जुना होऊन झडला होता, म्हणून गॅरेजवाल्यानं नवा भरला होता.

"नया कहाँ से लाए?"

"पानीपत से. एकदम ए-वन."

"वहाँ तो गद्दे-सोफ़े का फोम मिलता है. पेट्रोलवाला भी मिलता है?"

"फोम तो फोम होता है, मॅडम."

"पानिपतचं नाव निघालं तिथेच आवरतं घ्यायचं होतंत," नवरा म्हणाला. "आपल्या लोकांना ते गाव मानवत नाही."

भाऊ हसला नाही. मला तेवढंच बरं वाटलं. म्हणजे कुठेतरी त्यालाही टोचलं होतं.

पेट्रोलच्या नळीत मध्ये एक काचेचा फिल्टर होता. त्याच्या तळाशी पिवळा भुगा साचलेला दिसत होता. मी तिकडे बोट दाखवलं.

"नवीन टाकी आहे, थोडा कचरा येतोच," भाऊ म्हणाला.

हे वाक्य त्याचं नव्हतं, त्याला कुणीतरी पढवलेलं होतं. मी फिल्टर उघडायला लावला आणि भुगा चिमटीत घेऊन चोळला. गंज खरखरीत लागतो, माती कचकचते. हे मऊ होतं. सोफ्याची जुनी उशी उसवल्यावर जमिनीवर पडतं, तसलंच.

गॅरेजवाल्याच्या गाडीत त्याच फोमचा उरलेला तुकडा होता. तो मी मागून घेतला. नळीनं थोडं पेट्रोल काढून द्यायला त्याला सांगितलं. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत तुकडा बुडवला, झाकण लावलं आणि बरणी इमारतीपासून लांब, भिंतीच्या सावलीत ठेवली.

"शाळेचा प्रयोग चाललाय का, यार ताई?" भाऊ वैतागला.

"हो. संध्याकाळी निकाल."

गॅरेजवाल्याला तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला. वाजलेला मी ऐकला नाही. "अर्जंट काम है" म्हणून तो गेला.

दुपारभर भाऊ आमच्याकडे जेवून पडून राहिला, पण झोपला नाही. दोनदा खाली जाऊन आला. कशाला गेलास, असं मी विचारलं नाही. संध्याकाळी आम्ही तिघंही उतरलो. तुकडा फुगून बरणीला घट्ट बसला होता. भावानं काडीनं बाहेर काढायला घेतला, तर तो अर्ध्यातच तुटला. हातमोजा घालून त्यानं राहिलेला भाग दाबला आणि बोटांना लागलेलं मला न दाखवता स्वतःच बघत राहिला.

"टाकीत हा दोन आठवडे भिजतोय," मी म्हटलं. "नळी तुंबली तर गाडी कुठे बंद पडेल?"

"कुठेही."

"वळणावर? मागून सगळे वेगात येत असताना?"

त्यानं हातमोजा काढला. मग म्हणाला, "गाडीच्या मूळ टाकीवर निम्मी शर्यत तरी काढतो."

"इंजिनाकडे जाणारी नळी वेगळी आहे का तिची?"

"नाही. तीच."

त्यानं तिथेच उभ्या उभ्या शर्यतवाल्यांना फोन करून नाव काढून घेतलं. नंतर माझ्याशी नीट बोलला नाही. त्याचं मला फार वाटलं नाही.

पण गाडी अजून आमच्याकडेच आहे आणि डिकीतली टाकी गळ्यापर्यंत भरलेली आहे. गॅरेजवाला म्हणतो, "गाडी ले आओ, निकाल देंगे." त्याच्याकडे ती पुन्हा पाठवायला माझं मन घेत नाही. उचलून नेणाऱ्या ट्रकवाल्यानं डिकीत डोकावून हात जोडले. पंपावर विचारलं, तर भरलेलं पेट्रोल परत घेत नाहीत. भावाचा रोजचा हट्ट, "हळूहळू चालवत नेतो, चावी दे." चावी मी ऑफिसला जाताना बरोबर नेते. दुसरा एक मेकॅनिक बंद डबे घेऊन येतो म्हणालाय, पण त्यालाही फोम कुठला वापरतोस हे मी विचारल्यापासून तो फोन उचलत नाही. टाकी रिकामी करणं बाकी आहे.