आंघोळीनंतरची खाज

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर हे आजच लिहितोय, कारण सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

गरम पाण्याने आंघोळ केली की माझ्या अंगाला सुया टोचल्यासारखी खाज सुटते. मी शेजारच्या मल्लय्या विणकराला धारेवर धरलं, "तुझ्या पंच्याचा रंग कच्चा हाय!"

"काका, पंचा पांढराच हाय की!"

गाल मात्र लालबुंद. लोक म्हणत, तूप मानवलंय. बायको रोज दृष्ट काढायची.

आज मल्लय्यानेच मला दवाखान्यात ओढलं. "डॉक्टर, गुन्हेगार कोण ते सांगा. पंचा का काका?"

डॉक्टरांनी डाव्या बरगडीखाली दाबून पाहिलं, पांथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली. मग रक्त तपासलं. "आजोबा, ही लालीच आजार आहे. रक्त गरजेपेक्षा जास्त बनतंय, खाजही त्यामुळेच. कर्करोगाच्या जातीचा, फार दुर्मिळ."

मी विचारलं, "वाचंन का?"

"अधूनमधून रक्त काढत राहू. बरीच वर्षं काढाल."

बाटलीभर काढलंही. घरी येताच बायको रडायला लागली, "अवो, चेहरा किती उतरला!" मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

तेव्हा मंडळी, यापुढे मला कुणी 'तब्येत छान दिसते' म्हणू नका, काळजाचं पाणी होतं. आणि आंघोळीनंतर तुमच्यापैकी कुणाला खाज सुटते का? पंच्याला शिव्या देण्याआधी डॉक्टरला दाखवाल ना?