आत्यासाठी मी निवडलेला वकील

आत्याच्या कल्याणच्या जागेचा खटला आम्ही हरलो, तो माझ्यामुळे. घरात असं कोणी कधी म्हणालं नाही. कोणाला ते माहीतच नव्हतं.

आत्या विधवा, मूलबाळ नाही. दोन खोल्यांपैकी मागची तिने जवळच्या मोहने गावच्या कारखान्यातल्या एका कामगाराला दिली होती. तो तिच्याकडेच जेवायचा. असा माणूस ठेवायला जुन्या घरमालकाने लेखी परवानगी दिलेली होती. तो कागद मोडी लिपीत होता आणि ती तो लुगड्याच्या घडीत जपायची. जुना मालक वारला आणि त्याच्या मुलाने नोटीस धाडली : परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला, जागा खाली करा. नोटीस इंग्रजीत होती. वडिलांना रजा मिळेना. ते आत्याला म्हणाले, "हिला घेऊन जा. इंग्रजी शाळेत घातली ती कशाला?"

मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. इंग्रजी मला येत होतं, पण परक्या माणसापुढे कुठल्याच भाषेत तोंड उघडत नसे.

आधी आम्ही कल्याणच्या कोर्टाजवळच्या एका म्हाताऱ्या वकिलाकडे गेलो. माडीवर एकच खोली, बाकांवर दाटीने बसलेले अशील, कोपऱ्यात पिकदाणी. आत्याला त्याने सगळ्यांदेखत विचारायला सुरुवात केली.

"बाई, हा माणूस तुमचा कोण?"

"कोणी नाही."

"नात्यातला?"

"नाही हो."

"चूल एकच?"

"एकच. दोन्ही वेळा भाकरी थापते त्याच्यासाठी."

बाकावरून एकजण म्हणाला, "वकीलसाहेब, आमच्यासाठी पण बघा की अशी खोली!"

"तुझी सोय ठाण्याच्या तुरुंगात होतेय," वकील मान वर न करता म्हणाला, "तिथे भाडंही नाही."

सगळे हसले. आत्यासुद्धा हसली. माझे कान तापले. मी जिन्याकडे बघत बसले. तेवढ्यात त्याने तो मोडी कागद वर्तमानपत्र वाचावं तसा घडाघडा वाचला आणि नीट घडी घालून आत्याच्या हातात ठेवला. "हा कागद म्हणजे तुमचं घर आहे, बाई. मी बाळबोध लिपीत उतरवून देतो. कोर्टात माझं मी बघतो."

रस्त्यावर आल्यावर आत्या म्हणाली, "माणूस बरा वाटला."

"किती घाणेरडे प्रश्न, आत्या! सगळ्यांसमोर!"

"अगं, कोर्टात तेच विचारणार."

"आमच्या ठाण्याला, नौपाड्यात एक नवे वकील आहेत. माझ्या मैत्रिणीचे भाऊ. त्यांच्याकडे जाऊ या."

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "बरं. शिकलेली तू आहेस. तुला जास्त कळतं."

नौपाड्यातल्या वकिलाकडे दाराला पडदा होता आणि आत दुसरं कोणी नव्हतं. तो माझ्याशी इंग्रजीत बोलला, हळू, आदराने. त्या इंग्रजीत आत्याच्या भाकरी, चूल, तो माणूस, सगळं लांबचं आणि स्वच्छ वाटायला लागलं. मी न अडखळता उत्तरं देत होते. आयुष्यात प्रथमच. आत्या शेजारी पदर सावरून बसली होती आणि जो बोलेल त्याच्याकडे बघत होती.

मोडी कागद त्याने उलटासुलटा करून पाहिला. मला हे वाचता येत नाही, तो म्हणाला. जाणकाराकडून उतरवून आणा, पुढच्या तारखेच्या आत. याच्याशिवाय माझ्या हातात काही नाही.

"काय म्हणाले गं?" आत्याने विचारलं.

मोडी वाचणारा एकच माणूस मला ठाऊक होता. त्याला सोडून आलो हे सांगत पुन्हा तो जिना चढायचा, त्या बाकांवरच्या माणसांमधून जायचं.

"कागद बघतो म्हणाले," मी सांगितलं.

शेजारच्या आळीतल्या एका निवृत्त कारकुनाला मोडी येत असेल, म्हणून त्यांना विचारायचं मी ठरवलं होतं. त्यांच्या दारावरून दोनदा गेलेही. पुढे वकिलाचं स्मरणपत्र आलं, ते इंग्रजीत होतं म्हणून माझ्याच हातात दिलं गेलं. तारखेचं आहे, असं मी घरी सांगितलं. मग कोर्टाने दिलेली मुदत संपली.

सुनावणीला आत्या जरीकाठी लुगडं नेसून आली. परवानगी होती का, असं विचारल्यावर तिने ठणकावून सांगितलं, "होती. कागद आहे. हा बघा." न्यायाधीशांनी आमच्या वकिलाकडे पाहिलं. तो उठला आणि इंग्रजीत म्हणाला की वेळोवेळी मागूनही पक्षकाराने वाचता येईल असा उतारा दिला नाही. न्यायाधीश म्हणाले, आता उशीर झाला. आत्या कागद धरून तशीच उभी राहिली. मग मागे वळून माझ्याकडे बघायला लागली, काय बोलणं झालं ते मी सांगेन म्हणून. मी मान खाली घातली.

जागा गेली. कामगार मोहन्याला राहायला गेला आणि आत्या आमच्याकडे ठाण्याला आली, दोन ट्रंका आणि एक पाटा-वरवंटा घेऊन. शेजारणी भेटायला आल्या की ती खटल्याची हकीकत सांगायची. "वकिलात काही कमी नव्हतं हो. आणि ही आमची! एरवी घुमी, पण त्याच्याशी काय फाडफाड इंग्रजी बोलली! मी नुसती बघत राहिले."

शेजारणी माझ्याकडे कौतुकाने बघत. मी आत निघून जात असे. त्यांना वाटे, लाजली.